कोरड्यात बांधलेल्या होड्या

"मच्छिंद्र, जुंप बैल! गाडी खाली घे!" काकासाहेबांनी हुकूम सोडला.

"पण काका," शरयू म्हणाली, "गाडीवानमामा सांगून गेलेत ना, इथंच थांबा, खाली उतरू नका म्हणून!"

"त्याला काय जातंय सांगायला! तो गेला बहिणीच्या घरी भाकरी खायला. आणि आपण काय, तो येईपर्यंत उन्हात पापड होऊन बसायचं? ती बघ खाली कशी गार सावली पडलीय!"

खाली खरोखरच मोठी छान जागा होती. वाळूचं रुंद, कोरडं पात्र होतं आणि मधून घोटाभर पाण्याची एक धार वाहत होती. उंच काठाला टेकून एक जुनं झाड वाकलं होतं. त्याची सावली थेट वाळूवर पसरली होती.

जालन्याच्या माणसांना अशी जागा दिसली की पाय आपोआप तिकडे वळतात. उन्हाळ्यात कुंडलिका नाहीतर गिरजा नदीच्या पात्रात गाड्या सोडायच्या, वाळूत झिरा उकरून पाणी काढायचं, दशम्या खायच्या आणि ऊन उतरेपर्यंत ताणून द्यायची. वकील काकासाहेबांनी लहानपणापासून हेच केलं होतं. मच्छिंद्रनंही केलं होतं. तो हसनाबादचा. वडील पुंजाराम शेती करत आणि मच्छिंद्र शाळेसाठी जालन्याला काकासाहेबांच्या घरी राही. भालचंद्र आणि शरयू ही काकांच्या भावाची मुलं. सुट्टी लागताच रमाकाकूंसह ही सगळी मंडळी कोकणातल्या कुलदेवाला निघाली होती. कऱ्हाडपर्यंत आगगाडी, मग सर्व्हिस मोटारीनं कुंभार्ली घाट, आणि पुढे रात्रभर ही बैलगाडी!

घाटात मोटार थांबली तेव्हा दरी बघण्याच्या नादात काकूंचा पाय मुरगळला. तो आता दुधीभोपळ्याएवढा सुजला होता. त्यांना उभंही राहता येत नव्हतं.

मच्छिंद्रनं बैल जुंपले आणि गाडी अलगद खाली उतरवून सावलीत उभी केली. बैल सोडून त्यानं चाकाला बांधले. काकू गाडीतच आडव्या झाल्या. दशम्या संपल्या. काकांनी वाळूवर सतरंजी पसरली, उशाशी पानाचा डबा ठेवला आणि ते डोळे मिटण्याआधीच घोरू लागले.

"आता काय करायचं?" भालचंद्रनं जांभई दिली.

"झिरा उकरू!" मच्छिंद्र म्हणाला. "पाणी पिऊ. मस्त गार लागंल!"

हातभर उकरताच पाणी लागलं. मच्छिंद्रनं ओंजळ तोंडाला लावली आणि फुर्रकन थुंकून टाकली.

"थू! मीठ हाय की ह्याच्यात!"

"काहीतरीच!" शरयूनं बोट बुडवून चाटलं. तिचंही तोंड वाकडं झालं. "शी! वाळूत मीठ कुणी टाकलं?"

"तुझ्या नवऱ्यानं," भालचंद्र म्हणाला आणि पाठीत धपाटा खाऊन गप्प बसला.

तेवढ्यात मच्छिंद्रचं लक्ष पलीकडे गेलं. "ए, ते बघा! होड्या!"

पलीकडच्या काठाखाली दोन होड्या वाळूवर कलंडलेल्या होत्या. तिघं धार ओलांडून धावत गेले. होड्या चांगल्या धडधाकट होत्या. पण त्यांच्या नाकाला जाड दोर होते आणि ते दोर वर काठावरच्या झाडांना घट्ट बांधलेले होते.

"कोरड्यात होडी बांधून कशाला ठेवायची?" शरयू विचारात पडली.

"चोर नेईल म्हणून," भालचंद्र म्हणाला.

"दोर कापायला चोराला कितीसा येळ लागतोय? आन् हिला डोक्यावर घेऊन पळणार हाय का चोर?" मच्छिंद्र म्हणाला. "बैल का बांधतो आपण? तो जाऊ नये म्हणून. मंग ही होडी कोरड्यातून कुठं जाणार?"

भालचंद्रनं होडीवर हात फिरवला. लाकूड ओलं होतं. त्यानं वर काठाच्या काळ्या दगडाकडे पाहिलं. त्यावर पांढरे बारके शिंपले चिकटले होते, खाली हिरवं शेवाळ होतं आणि हे सगळं त्याच्या डोक्याच्याही वर!

"इथवर पाणी येतं," तो हळूच म्हणाला.

"पावसाळ्यात पूर येत असंल."

"शेवाळ मे महिन्यात हिरवं राहील का रे?"

शरयू धारेशी उकिडवी बसली होती. ती एकदम ओरडली, "दादा! मघाशी ही धार डोंगराकडून येत होती ना?"

"मग?"

तिनं एक वाळकं पान पाण्यात सोडलं. पान डुलत डुलत डोंगराकडे चालू लागलं!

"नदी उलटी वाहून राह्यली!" मच्छिंद्रचे डोळे विस्फारले. "भुताटकी हाय ही!"

"थांब, थांब जरा!" भालचंद्रनं डोकं दोन्ही हातांनी धरलं. त्या काळी जालन्याच्या शाळेत सगळं शिक्षण उर्दूतून. भूगोलाचं नाव जुगराफिया. समुद्र बापजन्मी न पाहिलेली ती पोरं परीक्षेसाठी काय काय पाठ करीत! भालचंद्र घडाघडा म्हणू लागला, "समुंदर का पानी दिन में दो मर्तबा चढता है और दो मर्तबा उतरता है. इस को मद्द-ओ-जजर कहते हैं..."

तो मध्येच थांबला. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"अरे देवा!" भालचंद्र किंचाळला. "ते खरंच असतं!"

"म्हंजे ही नदी न्हाईच!" मच्छिंद्र म्हणाला. "समुद्र हाय हा! आन् तो चढून राह्यलाय!"

"काकू गाडीत आहेत! त्यांना तर पाऊलही टाकता येत नाही!"

येताना घोटाभर असलेली धार परतताना गुडघ्यापर्यंत आली होती. बैल मान झटकून दाव्याला हिसडे देत होते.

"काका! उठा! पाणी येतंय!"

काकांनी एक डोळा उघडला. "पाऊस आहे का?"

"नाही, पण—"

"मग पाणी कुठून येतं? डोंगरावर आभाळ नाही, काही नाही."

"डोंगराकडून नाही काका, समुद्राकडून! ही धार उलटी वाहतेय. मद्द-ओ-जजर!"

"समुद्र कुठं दिसतोय का इथं? रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा नाही. पुन्हा उठवलंत तर कान उपटीन एकेकाचे!" आणि ते कूस बदलून परत घोरू लागले.

समुद्र दिसत नव्हता हे खरं. मध्ये काळ्या कातळाची टेकडी आडवी आली होती.

"आता?" शरयू रडवेली झाली.

"मी बैल जुंपतो," मच्छिंद्र म्हणाला. "भालचंद्र, तू चाकाशी थांब. पण काकांना उठवणार कोण?"

शरयूनं डोळे पुसले. तिची नजर उशाशी गेली. "मी!"

तिनं पानाचा डबा उचलला, काकांच्या कानाशी खणखण वाजवला आणि काठाच्या दिशेनं धूम ठोकली. "काका, तुमचं पान मी खाणार! सगळं पान खाणार!"

"अगं ए! डबा ठेव! लवंगा सांडतील!" धोतराचा सोगा सावरत काका तिच्यामागे धावले. समन्स, वॉरंट, कशानंही न हलणारा माणूस पानासाठी एका दमात काठ चढून गेला!

वर पोचल्यावर शरयूनं नुसतं खाली बोट दाखवलं.

काकांची सतरंजी तरंगत डोंगराकडे चालली होती. गाडीची चाकं पाण्यात उभी होती. मच्छिंद्र बैलांच्या पाठीवर थाप मारून ओरडत होता, पण डावं चाक भिजल्या वाळूत रुतून बसलं होतं. भालचंद्र खांदा लावून लावून लालबुंद झाला होता.

"रमा!" काकांच्या तोंडून कसंबसं निघालं. ते तसेच खाली पळाले. शरयूही मागोमाग.

"पोरांनो, मला सोडा आणि वर जा!" काकू गाडीतून म्हणत होत्या.

"गप बसा काकू, घट्ट धरा!" भालचंद्र ओरडला. "शरयू, वळकटी दे! चाकाखाली घाल!"

"अगं, ती माझी नवी गादी—" काका म्हणाले आणि मग स्वतःच वळकटी ओढून त्यांनी चाकाखाली कोंबली. "चला! मच्छिंद्र, हाण! एकदम!"

"हुर्रर्र! चल रं राजा!"

बैलांनी माना खाली घातल्या. काकांनी, भालचंद्रनं, शरयूनं खांदे लावले. चाक करकरलं, थोडं हललं, परत बसलं.

"आणखी एकदा!"

पाणी आता शरयूच्या कमरेला लागलं होतं. चाक गादीवर चढलं. गाडीनं गचका खाल्ला आणि बैल उसळी घेऊन सुटले ते थेट काठावर जाऊन थांबले!

सगळे धापा टाकत मातीत पडले. वर गाडीवान ओरडत पळत येत होता.

"अहो वकीलसाहेब! खाली उतरू नका म्हणून बजावून गेलो ना मी! खाडी आहे ती! दुपारी भरतीला तिथं पुरुषभर पाणी असतं!" त्यानं गाडीत डोकावून पाहिलं, बैलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग पोरांकडे वळला. "कुणी ओळखलंत?"

"होड्या बांधल्या होत्या," शरयू म्हणाली.

"आणि झिऱ्याचं पाणी खारट लागलं," मच्छिंद्र म्हणाला.

"शाबास! समुद्र न बघता समुद्र ओळखलात!"

काकूंनी तिघांना जवळ ओढलं. तिघांच्या ओल्या केसांतली वाळू त्या पदरानं पुसत राहिल्या.

खाली, जिथं काका झोपले होते, तिथं आता हिरवं पाणी डुचमळत होतं आणि त्या दोन्ही होड्या दोराला ताण देत झोकात तरंगत होत्या. काकांनी बराच वेळ त्या पाहिल्या. मग ओल्या धोतरानिशी ते पोरांपाशी आले. एका सपाट दगडाजवळ थांबले, दगड वरून पाहिला, खालून पाहिला, आणि घसा खाकरला.

"भालचंद्र," ते म्हणाले, "मी इथं बसलो तर चालेल ना?"