चौथा पंखा

ही गोष्ट घडलेली आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल हसावं. पण कुणी तिला रचलेली म्हटलं, तर दमयंतीला ते आजही खपत नाही.

यंदाचाच, २००४ सालचा, एप्रिल महिना. रत्नागिरीहून पावसला जाताना रस्त्यालगत एक चिरेबंदी घर आहे. त्याला मागून जोडलेली पत्र्याची खोली. तिथेच हे घडलं.

रात्री काय झालं ते कुणी पाहिलं नाही. दमयंतीने जे पाहिलं ते भर दुपारी. दोन वाजता.

तिचे वडील काशीराम, घरातले आबा, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी सुटे भाग आणून एक कॉम्प्युटर जुळवला. मासे, जाळी, भाताच्या जाती, कातळावरचं गवत... म्हाताऱ्या माणसांच्या तोंडचे शब्द ऐकायचे आणि अर्थासकट टाइप करून ठेवायचे, हा त्यांचा उद्योग. चार वर्षांत चार हजार शब्द झाले होते.

पत्रा तापला की मशीन दहा मिनिटांत बंद पडे. म्हणून आबांनी त्यात चार पंखे बसवले. समोरचे दोन हवा आत घेणारे, मागचे दोन बाहेर टाकणारे. प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने बाण.

"इंजिन असो नायतर हे," ते म्हणायचे, "वाऱ्याची वाट एकच ठेवायची. उलटी झाली की खेळ संपला."

त्याच मशीनसमोर, खुर्चीत बसल्याजागी, आबा गेले.

आई आधीच गेलेली. राजापूरच्या वाचनालयातल्या नोकरीवर रजा टाकून दमयंती आली, तेव्हा पंखे घोंघावतच होते. दोन दिवस कुणाला ते बंद करायचं सुचलं नव्हतं. शेवटी सदूकाकांनी, आबांच्या धाकट्या भावाने, भिंतीतला प्लग काढला. तेवढ्याने त्यांचं समाधान झालं नाही. मशीनचं झाकण उघडून त्यांनी पंख्यांच्या तारा हाताने उपटल्या.

"घरात माणूस गेलंय," ते म्हणाले, "आणि हे आपलं गुणगुणतंय."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रिवाजाप्रमाणे त्या खोलीत दिवा ठेवला. दिव्याभोवती जमिनीवर तांदळाचं पीठ चाळून पसरलं. वाऱ्याने दिवा जाऊ नये म्हणून वर तांदूळ धुवायची रोवळी पालथी घातली. गेलेलं माणूस रात्री येऊन जातं आणि पिठात पाऊल उमटतं, असं मानतात. खिडकी लावली. दार लावून काकांनी कडी घातली.

सकाळी दार उघडलं.

दिवा तेवत होता.

पाऊल नव्हतं. माणसाचं नाही, पाखराचंही नाही.

पण पीठ... पीठ जागेवर नव्हतं.

पिठाचा एक सरळ पट्टा निघून मशीनच्या मागच्या बाजूला गेला होता. जणू कुणी तोंड लावून ओढून घेतलं. मागच्या उजव्या पंख्याची पाती पांढरी झाली होती.

तारा उपटलेला पंखा. प्लग भिंतीबाहेर लोंबतोय.

काका उंबऱ्याबाहेरच थांबले. "संध्याकाळी टेम्पो बोलावतो. हा डबा खाडीत."

"काका, त्यात आबांचे शब्द आहेत."

"शब्द काय खायचेत, गो? कोळंबीला कोळंबीच म्हणतात, ते लिहून ठेवायला माणूस लागतो?"

"अठरा नावं आहेत कोळंबीची. तुम्हाला किती येतात?"

काका वळून पडवीकडे गेले. टेम्पो मात्र ठरला.

दमयंतीने शेजारच्या गनीचाचांना गाठलं. ते कुवेतला वीस वर्षं वायरमन होते. त्यांनी मशीन एकदा चालू केलं, कान लावला आणि लगेच बंद केलं.

"डिस्क कटकट करतेय, बाय. हलवू नको, काढू नको. एकदाच चालव आणि सगळं छापून घे. पण पंख्याशिवाय नाय चालायचं ते."

"कसं जोडायचं ते सांगा. मीच जोडते."

त्यांनी सांगितलं. पंख्याची काळी तार मशीनमधल्या काळीला. लाल तार मात्र लालला नाही, पिवळीला. "लालला लाल जोडतात सगळे. मग पंखा फिरतो, पण जीव नसल्यासारखा."

मग ते जुम्म्याच्या नमाजाला गेले. काका पडवीत आडवे झाले.

खोलीत दमयंती एकटी राहिली.

तिने तारांची टोकं सोलली. समोरचे दोन पंखे. काळ्या तारा काळीला पिळल्या, लाल पिवळीला पिळल्या, वर चिकटपट्टी. मागचा डावा त्यांनाच जोडला. चौथ्याची तार मात्र मुळातूनच तुटली होती. जोडायला काही उरलंच नव्हतं. तिने त्याची पाती पदराने पुसली आणि तो तसाच सोडला.

बटण दाबलं.

तीन पंखे सुरू झाले. डिस्क कटकटली... मग शांत झाली. पडद्यावर आबांची फाइल उघडली. प्रिंटर करकरू लागला. एक पान. दहा पानं. चाळीस.

एकशे बाराव्या पानावर वीज गेली.

प्रिंटर थांबला. पडदा काळा. तिन्ही पंखे मंदावले, थांबले.

बाहेर एक कावळासुद्धा ओरडत नव्हता.

आणि तरीही... एक घोंघाव चालूच होता.

अगदी बारीक.

तिला वाटलं, कानात राहिलाय आवाज. ती थांबली. मनात शंभर मोजले.

आवाज गेला नाही.

ती उठून मशीनच्या मागे गेली. चौथा पंखा फिरत होता.

त्याच्यासमोर ती खाली बसली, तेव्हा तोंडावर वारा आला नाही. वारा तिच्या मानेमागून गेला. सुटलेले केस गालावरून पुढे सरकले... पंख्याच्या दिशेने. जाळीवरचा बाण तिच्याकडे होता. हवा आत चालली होती.

आत काहीतरी भरत होतं.

पडवीत काका होते, हाक मारली असती तर आले असते. तिने हाक मारली नाही. हाक मारली की टेम्पो आत्ताच आला असता.

"आबा असाल," ती म्हणाली, "तर बसा खुर्चीत. तुमचंच काम चाललंय."

पंखा फिरत राहिला.

"आणि आबा नसाल, तर बाजूला व्हा. मला अजून दोनशे पानं काढायचीत."

आवाज ओळखीचा वाटला नाही तिला स्वतःचाच. पण तो कापत नव्हता.

पाती हळू झाली. एक एक दिसू लागली. थांबली.

अर्ध्या तासाने वीज आली. डिस्क तीनदा अडखळली, चौथ्यांदा उठली. शेवटचं पान निघालं तेव्हा पाच वाजून गेले होते. तिने गठ्ठा मोजला, लुगड्याच्या फडक्यात बांधला आणि त्याच्यावरच बसून राहिली.

टेम्पो आला. काका दारात. "सुतकात हे उघडून बसलीस? झालं ना काम? आता तरी जाऊ दे त्याला."

"नाही."

"दमू, त्यात काय शिरलंय ते आपल्याला ठाऊक नाय."

"म्हणूनच. ठाऊक नसलेलं मी खाडीत टाकत नाही."

टेम्पोवाला रिकामाच परत गेला. काका तेराव्यापर्यंत तिच्याशी बोलले नाहीत.

गनीचाचांना तिने सगळं सांगितलं. ते आधी हसले. वाऱ्याने फिरला असेल म्हणाले. रात्री खिडकी बंद होती, दार बंद होतं, दिवा विझलासुद्धा नाही, ती म्हणाली. मग त्यांनी चौथा पंखा काढून नेला, नव्या तारा जोडल्या, टेबलावर चालवून पाहिला. चांगला होता. हवा बाणाच्या दिशेने टाकत होता.

"तारा उलट्या लावल्या तर?" तिने विचारलं.

त्यांनी लावून दाखवल्या. पंखा गप्प राहिला.

"हे पंखे विजेवर उलटे फिरतच नायत, बाय. नुसते थांबतात." मग पंख्याकडे बघत म्हणाले, "आणि काशीराम तर उलटा कधीच फिरवणार नाय."

हेच तिच्या मनात होतं. तिने ते कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

मशीन आता राजापूरला तिच्या खोलीत आहे. जुनी डिस्क मरून गेली. नवीन घालून ती छापील पानांवरून शब्द पुन्हा टाइप करते, रोज वीस. चौथा पंखा तिने परत बसवला नाही. तिथे हाताच्या तळव्याएवढं गोल भोक आहे. पत्रा लावून बुजव, असं गनीचाचांनी दोनदा सांगून पाहिलं.

तिने बुजवलं नाही. मशीनची पाठ भिंतीला असते तशी न ठेवता तिने स्वतःच्या बाजूला वळवली आहे.

काही आत जात असेल, किंवा आतलं काही बाहेर येणार असेल, तर ते तिच्या डोळ्यांसमोरून जाऊ दे.

भीती वाटत नाही, असं ती म्हणत नाही.

बावीसशे शब्द झालेत. अठराशे राहिलेत.