करीच्या दिवशी उघडलेलं पेव

ही गोष्ट खरी आहे. ज्याला थाप वाटेल त्याने गंगाखेडला जावं, ब्लाऊजवाल्या कडूबाईचं तळघर विचारावं, आणि खाली एकटं उतरून दाखवावं.

रात्र नव्हती. असल्यांना रात्रच लागते असं तुम्हाला सांगितलं कोणी?

पोळ्याचा दुसरा दिवस. कर. दुपारचे बारा.

करीला कोणी नवं काम काढत नाही. पण तळघरात घोटाभर पाणी झिरपलेलं, चार शिलाई मशिनी विटांवर चढवलेल्या, आणि महालक्ष्म्या तोंडावर. साठ ब्लाऊज बाकी.

"उद्या खोदू की," नवरा बन्सीधर म्हणाला.

"का? पाण्याला कर कळती व्हय?"

झालं. सूर्यभान मिस्त्रीने कोपऱ्यात खड्डा घ्यायला सुरुवात केली. बेत साधा. पाणी खड्ड्यात जमेल, खड्ड्यातला पंप ते पाइपाने बाहेर नालीत फेकेल.

दोन हातांवर पहार वाजली.

टण्ण...

दगडी झाकण. खाली जुनं पेव, ज्वारी साठवायचं.

झाकण सरकवलं तसं तळघरातलं पाणी धो धो आत गेलं.

पण तळाला पडल्याचा आवाज...

आलाच नाही.

"पेवात आदी कंदील सोडायचा असतो, वैनी," सूर्यभान म्हणाला. "आतला वारा वाईट. कंदील विझला की समजायचं, उतरणारा माणूसबी विझनार."

कडूबाईने दोराला कंदील बांधून सोडला. उजेड बारीक होत गेला. दोर ढिला पडला. वर ओढला तर...

कंदील विझला नव्हता.

कोणीतरी वात मोठी केली होती. काच पुसली होती.

सूर्यभानचा चेहरा उतरला. "वैनी, झाकण लावा. पेवात उतरलेला गडी पोतं भरलं की दोराला दोन हिसके देतो. वरच्यानं ओढायचं. माझा आजा सांगायचा, ह्या गल्लीत एकदा खालून हिसके आले, आन् वरच्यांनी झाकण लावलं."

"कामून?"

"ते आजा सांगत नव्हता."

"म्हंजे लय दिस बिनकामाचा बसलाय तो," कडूबाई म्हणाली. "सोडा पंप!"

दोराला बांधून पंप पेवात सोडला. चालू केला. नाली भरभरून वाहू लागली. बाहेर पाऊस धरलेला.

तेवढ्यात लाईट गेली.

पंप थांबला नाही.

सूर्यभानने पिन उपटून हातात घेतली. तरी खालून घर्र... घर्र...

पिन टाकून गडी पळाला. चपला आजही तिथेच आहेत.

मग दोर हलला.

एक हिसका...

दोन.

बन्सीधर जिन्यावर जाऊन पोचला होता. "अगं, ये की वर!"

कडूबाईने दोर मुठीत धरला आणि पेवात वाकून ओरडली, "ऐक रे! मालकीण मी हाय! पाणी उपस. माझी एक मशीन भिजली तर पुन्हा झाकण लावीन. पाऊस सरला की काढते वर!"

दोर ढिला पडला.

साठच्या साठ ब्लाऊज वेळेत गेले. गल्लीत घरोघर पाणी, हिच्या तळघरात धूळ.

मात्र रोज दुपारी बाराला दोन हिसके.

आता दसरा होऊन गेलाय. आभाळ कोरडं ठण्ण. तरी कडूबाई बाराच्या ठोक्याला पेवात घागरभर पाणी ओतते आणि खाली ओरडते, "पाऊस हाय अजून! बस गुमान!"

"अगं, शब्द दिलाय तू त्याला," बन्सीधर कळवळतो.

"तुमी द्या की मग हात त्याला. जावा!"

बन्सीधर काही जात नाही.

दोर तिने मशिनीच्या लोखंडी पायाला बांधलाय. रोज सकाळी ती मशीन वीतभर पेवाकडे सरकलेली असते. रोज कडूबाई शिव्या हासडत ती मागे ओढते.

परवापर्यंत एकटी ओढायची.

काल तिने बन्सीधरला हाक मारली...