उजवी पाकळी

कौल मनासारखा लागला, तर नारबा गुरवाची लेक घरात राहणार होती. पेटी खोटी पडली, तर देवळातला पिढीजात मान राहणार होता. दोन्ही एकदम पदरात पडायची सोय मात्र दिसत नव्हती, आणि हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा तो ओल्या पाकळ्या हातात धरून देवासमोर बसलेला होता.

सिंधुदुर्गातल्या त्या गावात लग्नापासून विहिरीपर्यंत सगळं देवाला विचारून होई. पाषाणावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. विचारणारा गाव, सांगणारा देव आणि चिकटवणारा नारबा. कमी ओली पाकळी आधी सुटते, हे चाळीस वर्षं फक्त त्याच्या बोटांना ठाऊक होतं. बायकोलाही त्याने कधी सांगितलं नाही. बोटं माझी, हलवणारा तो, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. आणि स्वतःइतकं भोळं गिऱ्हाईक माणसाला दुसरं मिळत नाही.

मग ‘पूर्वज्ञ’ नावाचं भाकीत करणारं यंत्र आलं. गाव त्याला जाणती पेटी म्हणे. आठ महिने ती सभामंडपात बसून नारबाची नजर, श्वास, बोटांची थरथर टिपत होती. कौल लावण्याआधीच ती तो छापून पाकिटात बंद करी. चारशे बारा कौल झाले. चारशे बारा पाकिटं बरोबर निघाली. शेवटी देवस्थान समितीने ठरवलं, चारशे तेरावाही बरोबर आला तर यापुढे कौल पेटीच देईल, गुरवाची गरज नाही. चुकला तर पेटी देवळाबाहेर.

तो चारशे तेरावा नेमका वैजूचा निघाला. नारबाची एकुलती लेक. तिला दक्षिण ध्रुवावरच्या संशोधन तळावर पाच वर्षांची नेमणूक आली होती. “देवान होय म्हटल्यान, तर जा,” असं नारबानेच महिन्यापूर्वी ऐटीत सांगितलं होतं. बोटांच्या भरवशावर.

पेटीवाल्या मोहित्यांनी बंद पाकीट त्याच्यापुढे ठेवलं. “गुरवकाका, छापून झालंय. आता तुम्ही मोकळे.”

“मोकळो?” नारबा म्हणाला. “बरा सांगतास!”

लेक हवी, म्हणजे डावी पाडायची. पेटीला हे कळणारच, तिने डावी लिहिली असेल. म्हणजे उजवी पाडली की पेटी फसली. पण हा विचारही तिला आधीच ठाऊक असला तर? मग डावीच. आणि तेही ठाऊक असलं तर? ज्या वळणावर जावं तिथे पेटी आधीच येऊन बसलेली. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच नारबाने देवाकडे खरोखर पाहिलं. तूपण असाच सगळं आधी जाणून बसतोस काय रे? मग आम्हाला विचारायला कशाला लावतोस?

त्याने उजवी पाकळी धोतराला पुसली, दोन्ही चिकटवल्या आणि हात मागे घेतला. उजवी पडली.

वैजूच्या तोंडून हुंदका निघाला की हसू, कुणाला कळलं नाही. नारबाने पाकीट फोडलं. आत छापलं होतं: ‘उजवी. आधी डावी ठरवेल. मग मला हरवण्यासाठी लेक सोडेल.’

“काय निघालं?” मोहित्यांनी विचारलं.

“उजवी,” एवढंच नारबा म्हणाला, आणि कागद चुरगळून त्याने कनवटीला खोचला.

वैजू पाया पडली. “बाबानूं, मी बॅग कालच भरून ठेवलंय.”

“काल? काल तुका काय म्हायत?”

“तुमची बोटां मी ल्हानपणापासून बघतंय,” ती हळूच म्हणाली. “माका ठावक होता, माझ्यासाठी तुमी उजवीच पाडतलास.”

पेटीला चारशे तेरावा मिळाला, वैजूला ध्रुव. देवाचं काही गेलं नाही. किंमत सगळी नारबाने मोजली, गाभारा आणि लेक. त्याला आधीच ओळखणारी दोघं होती आणि पाकळीबद्दल दोघंही बरोबर ठरली. कारण मात्र दोघांनी वेगळं सांगितलं. कनवटीतला कागद चाचपत नारबा आठवू लागला: पाकळी पुसली त्या क्षणी मनात पेटी होती की पोर? आणि आठवत नसेल, तर ते आता ठरवणं तरी आपल्या हातात आहे का?