ओटीतले पाच दाणे

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी अकरा वेळा चढले आहे, तीही कॉलेजातून रजा टाकून. माझं नाव सुचिता खर्चे. मलकापूरला मानसशास्त्र शिकवते. विकल्या गेलेल्या, फसवून नेलेल्या बायकांच्या खटल्यांत मला तज्ज्ञ साक्षीदार म्हणून बोलावतात. माझं काम एवढंच, की बाई पळून का गेली नाही ते न्यायाधीशांना समजेल अशा भाषेत सांगायचं. आज अकराला बुलडाण्याच्या कोर्टात माझी उरलेली उलटतपासणी आहे. इथून गाडीनं पाऊण तास पुरतो. हातात वेळ आहे, म्हणून सगळं क्रमानं लिहून काढते. तारखा-वेळा मागेपुढे झाल्या की वकील माणसाला सोलून ठेवतात.

खटला काजलचा. वय वीस, गाव संग्रामपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. जयमाला नावाची लांबच्या नात्यातली बाई तिला कापसाच्या जिनिंगमध्ये काम लावून देते म्हणून मोताळ्याला घेऊन आली आणि चार महिने स्वतःच्या घरात ठेवलं. तिच्याआधी दोन मुली त्याच घरातून लग्नाच्या नावाखाली परराज्यात विकल्या गेल्या. त्यांचा अजून पत्ता नाही. काजल तेवढी सापडली. तिची आई गीताबाई लेकीचा फोन लागेना तेव्हा भाजीची पाटी डोक्यावर घेऊन एकेका गावचा बाजार धुंडाळत फिरली. मोताळ्याच्या बाजारात तिला लेक दिसली, रस्त्यावरच्या एका घराच्या दारात मेथी निवडत बसलेली. आईनं हाक मारली. काजल हसली आणि परत मेथी निवडायला लागली.

बचावाचा सगळा जोर इथंच होता. दार दिवसभर उघडं. समोर रस्ता, बाजाराच्या दिवशी तर माणसांचा पूर. समोरच्या जनकाबाईंनी साक्षीत सांगितलं होतं, "मी रोज इचारो, बरं हाय न, पोरी? ते हसे. रडली असती तर आमी काय आंधळ्या होतो?" मग ही मुलगी कोंडलेली कशी? कोर्टाला हे पटलं तर जयमाला सुटणार होती, आणि काजलच्या कपाळी 'आपल्या मर्जीनं राहिलेली' असा शिक्का बसणार होता. गावात असल्या शिक्क्याचं काय होतं ते मी वेगळं सांगायला नको.

काजलशी मी तीनदा बोलले. मुलगी शांत, उत्तरं मोजकी.

"मारायचे का?"

"नाई."

"धमकी द्यायचे? भीती वाटायची?"

"भेव नव्हता, मॅडम. पायच निंघे ना. उंबरठ्यापातूर जाओ, मंग काहीतरी काम आठवे. वापस येओ."

मी अहवालात लिहिलं, 'सततच्या भीतीतून आलेली हतबलता'. आम्ही शिकलेली माणसं असंच करतो. समोरच्याचं वाक्य ऐकायचं आणि आपल्या डब्यात बसेल तेवढं कापून घ्यायचं. तेव्हा त्यात मला काही गैर वाटलं नाही, उलट वाक्य चांगलं जमलं असं वाटलं.

अहवालासाठी घर पाहणं गरजेचं होतं. मार्चमध्ये एका दुपारी मी छाया नावाच्या महिला पोलिसाबरोबर जीपनं मोताळ्याला गेले. काजलला त्या घरातून बाहेर काढणाऱ्यांत छाया होती. रस्त्यात म्हणाली, "आमी दोघींनी उचलून आणली तिले. कापसावानी हलकी पोरगी. पन उंबरठ्यावर अशी जड झाली का, माया खांदा आठ दिवस दुखला." पोलिसांना गोष्ट मीठमसाला लावून सांगायची सवयच असते, म्हणून मी ते टिपून घेतलं नाही.

जयमाला जामिनावर होती आणि तिला मोताळ्यात पाय ठेवायला बंदी होती. घरात तिची सासू तानाबाई एकटीच. सत्तरीची, नीटनेटकी, डोक्यावर पदर. तिच्यावर आरोप नव्हता. घर दोन खोल्यांचं, शेणानं सारवलेलं, मोहरीच्या फोडणीचा वास. छाया बाहेर जीपशी थांबली. तानाबाईनं चहा दिला, विचारलं ते सगळं सांगितलं. मी उठले तशी म्हणाली, "बाईमानसाले रिकाम्या ओटीनं नाई जाऊ देत, बाई. बसा जराशा."

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा? तिनं माझ्या पदरात तांदूळ, सुपारी, खण घातला. आपल्याकडे ओटी भरली की निघणारी लेक त्यातले पाच दाणे स्वतःच्या हातानं त्या घरच्या तांदळात परत टाकते. माहेर भरलेलं राहावं आणि आपण पुन्हा यावं म्हणून. सवयीनं माझा हात गेला, पण त्याआधी तानाबाईनंच माझ्या पदरातून चिमूट उचलली. मोजून पाच दाणे. एका चिंधीत बांधले आणि दारावरच्या खुंटीला अडकवले. तिथं आधीच तीन पुरचुंड्या होत्या.

"हे कशासाठी?" मी विचारलं.

"आमच्या इकडं असंच हाय," ती म्हणाली.

मी चपलांकडे निघाले. उंबरठ्याशी आले आणि एक प्रश्न विचारायचा राहिलाय हे आठवलं. मागे वळले, विचारला, लिहून घेतला. पुन्हा निघाले. वहीत तारीख घातली नव्हती. ती घातली. मग पाणी प्यायले. मग आणखी एक प्रश्न आठवला. प्रत्येक कारण रास्त होतं, हे मला आजही मान्य आहे. कुणी अडवलं नाही, दार उघडं होतं, रस्त्यावरून शाळेच्या मुली सायकलवर चालल्या होत्या. मला अगदी बरं वाटत होतं.

शेवटी छाया आत आली आणि तिनं मला मनगटाला धरून बाहेर ओढलं. "मॅडम, पावणेतीन घंटे झाले न," ती वैतागून म्हणाली. "दहा मिनटं म्हनलं होतं तुमी."

मी म्हटलं, सविस्तर माहिती घेत होते.

घरी येऊन वही उघडली. एकच प्रश्न नऊ वेळा लिहिलेला होता, एकाखाली एक, स्वच्छ अक्षरात. 'दार दिवसा उघडे असते का?' आणि पुढे नऊ वेळा, 'हो.' त्या दिवशी ऊन फार होतं आणि मी सकाळपासून जेवले नव्हते. थकव्यात असं होतं, पुस्तकांत त्याला नावही आहे. मी ती पानं फाडली. ही गोष्ट अहवालात घातली नाही, कारण तज्ज्ञाचं असं काही बाहेर आलं की लोक हसतात. मला हसलेलं सहन होत नाही, हे कबूल करते.

गेल्या महिन्यात साक्ष झाली. बचावाचे वकील रामराव ठोसर, गोड बोलणारा माणूस.

"मॅडम, तुम्ही भीती लिहिलीय. मुलगी जबाबात म्हणते, भेव नव्हता. तुमचं खरं मानू का तिचं?"

मी म्हटलं, पीडित व्यक्ती पुष्कळदा भीती नाकारते.

"असं? म्हणजे तिचं तिला कळत नाही, तुम्हाला कळतं." कोर्टात थोडं हसू झालं. "बरं, तुम्ही ते घर पाहिलंत. दार उघडं होतं?"

"हो."

"तुम्ही बाहेर पडलात ना?"

मी 'हो' म्हणणार तेवढ्यात न्यायाधीशांनी घड्याळ पाहिलं आणि उरलेलं पुढच्या तारखेला म्हणाले. तारीख मोताळ्याच्या बाजाराच्या आदल्या दिवशीची पडली. बरं झालं, असं मनात आलं. बाजाराच्या दिवशी तिथला रस्ता इतका तुंबतो की बुलडाण्याला वेळेवर पोचणं कठीण.

बाहेर व्हरांड्यात काजल आणि गीताबाई उभ्या होत्या. सरकारी वकिलांनी दोघींना आधीच सांगितलं होतं, की माझी उलटतपासणी पुरी झाली नाही तर माझी साक्ष धरता येणार नाही, आणि माझी साक्ष गेली तर हातात फार काही उरत नाही. गीताबाईनं मला हात जोडले. काजलनं जोडले नाहीत.

"तुमी भेव काऊन लिवला, मॅडम?" तिनं विचारलं. "मी तुमाले तीन डाव सांगतलं."

"कोर्टाला समजेल अशा भाषेत लिहावं लागतं, बेटा."

ती एक पाऊल जवळ आली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "तिनं तुमची ओटी भरली न?"

मी पदर सारखा केला.

"मंग तुमाले तर ठाऊक हाय," ती म्हणाली. "तुमी बी खोटं सांगसान तर मायं कोन खरं मानीन?"

मला लाज वाटली. अकरा खटल्यांत वाटली नव्हती तेवढी. मुलीनं आपलं सगळं सरळ सांगितलं होतं आणि मी शिकलीसवरली बाई पानं फाडून बसले होते. त्याच दिवशी ठरवलं, पुढच्या तारखेला घडलं ते जसंच्या तसं सांगायचं. पावणेतीन तास, नऊ प्रश्न, सगळं. लोक हसोत, नोकरीत बोलणी बसोत. माझ्यासारखीचा पाय निघाला नाही हे कोर्टानं माझ्या तोंडून ऐकलं, तर काजलचं ऐकण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं.

फक्त एक उणीव होती. रामराव पुरावा मागणार. मलकापूरहून बुलडाण्याला जाताना मोताळं वाटेतच लागतं. पाच मिनिटं थांबून त्या पुरचुंड्यांचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि माझे पाच दाणे मागून घ्यायचे, एवढाच विचार होता.

म्हणून सकाळी आठ वाजता गाडी दारासमोर लावली आणि आत आले.

खुंटीला चारच पुरचुंड्या आहेत. फोटो काढून झाला. दाणेही मागितले. तानाबाई म्हणाली, "देते न. कोन नाई म्हनते? यातली तुमची कोनती, ते पाहा पहिले." ते काही ठरत नाहीये. चारी सारख्याच दिसतात.

तिनं चहा ठेवला. मी दारातल्या उजेडात वही घेऊन बसले, म्हटलं तोवर लिहून होईल.

मोबाइलची बॅटरी संपलीय. त्याआधी त्यावर छायाचे चौदा फोन येऊन गेलेले दिसले. सरकारी वकिलांचेही होते. कोर्टात पोचल्यावर बोलेनच.

बाजार उद्याचा, पण एक दिवस आधीच भरलेला दिसतो. माझ्या गाडीच्या पुढ्यात कुणीतरी कांद्याचा ढीग मांडलाय. तो हलवायला सांगायला हवं.

भीती मुळीच वाटत नाही. हे मुद्दाम नोंदवून ठेवते.

एकच प्रश्न राहिला आहे, तो तानाबाईला विचारला की निघते. चपला समोरच आहेत.

समोरून जनकाबाई पाटी घेऊन चालल्या होत्या. दाराशी थांबल्या, माझ्याकडे पाहिलं, माझ्या मांडीवरच्या मेथीकडे पाहिलं.

"बरं हाय न, मॅडम?"

मी हसले.