झुंबरने तपासलेला सेन्सर

"वीज गेलीच आहे, तर ऐका," पुंजामामा म्हणाले. "आपल्या शेखर मेकॅनिकची गोष्ट. गेल्या मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार."

"मामा, तुम्ही होता का तिथं?" आयुषनं खोचकपणे विचारलं.

"मी कशाला असतो? शेखरनं स्वतः सांगितलं."

नाशिकरोडला शेखरच्या गॅरेजात एका डॉक्टरांची साठ सालची मोटार आली होती. रविवारी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन. बाकी सगळं झालं, पण तापमानाचा काटा हलेना. मीटर चांगलं होतं, इंजिनात बसणारा सेन्सर गेला होता. तसला आता बाजारात मिळत नाही. पुण्यामुंबईकडे फोन केले, तर सगळे एकच म्हणाले, "झुंबरच्या जुन्या पार्टच्या डब्यात बघा."

झुंबर! दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. झुंबर बॉनेटवर तळहात ठेवून इंजिनाचं तापमान सांगायचा, "पंच्याऐंशी." मीटर लावलं तर पंच्याऐंशीच. उजव्या हाताची करंगळी इंजिनाच्या पंख्यानं नेलेली, तरी गिऱ्हाइकाला त्याचाच हात हवा. तो जाऊन वर्ष झालं, तरी लोक शेखरच्या तोंडावर म्हणत, "काम छान, पण झुंबरचा हात वेगळा." मग शेखरला घास गोड लागत नसे.

शेखर एकलहऱ्याला झुंबरच्या घरी गेला. त्याच्या बायकोनं, लताबाईनं, डबा पुढे केला. "न्या भाऊजी. पिवळा ठिपका हाय ना, ते यांनी स्वतः तपासलेलं. पैसे नको. फक्त डॉक्टरांना यांचं नाव सांगा."

"सांगतो की, वहिनी."

गॅरेजात त्यानं सेन्सरला वायर जोडून तो उकळत्या पाण्यात सोडला. काटा झुलत वर गेला आणि बरोबर शंभरावर थांबला. शेखर बघत राहिला. मग पेट्रोलच्या फडक्यानं त्यानं तो पिवळा ठिपका पुसून टाकला.

"डॉक्टरसाहेब, झालं काम. भंगारातला सेन्सर होता, मीच दुरुस्त केला."

"वा शेखर! झुंबरलाही जमलं नसतं."

याच एका वाक्यासाठी तो इतकी वर्षं थांबला होता.

रात्री पावणेबाराला तो ट्रायलसाठी सिन्नरकडे निघाला. थंडी कडक. रस्ता मोकळा. मोहदरी घाटात काटा पंच्याऐंशीवर आला. तिथंच थांबला. चढावर तिथंच. उतारावर तिथंच.

त्यानं गाडी कडेला घेतली. चावी काढली. काटा खाली यायला हवा होता.

पंच्याऐंशी.

बॉनेट उघडून सेन्सरची वायर उपटली. परत येऊन पाहिलं.

पंच्याऐंशी...

बॉनेट लावून तो आत बसला. तेवढ्यात गाडीचं नाक जरासं खाली दबलं. कुणी हात टेकल्यासारखं.

समोर कुणी नव्हतं.

"झुंबर...?"

...

त्यानं फोन लावला. "डॉक्टर... तो सेन्सर झुंबरचा आहे. तपासलेलाही त्यानंच. मी खोटं बोललो."

पलीकडे डॉक्टर हसले. "तरीच! म्हटलं, हे काम झुंबरच्याच हातचं."

काटा हळूच शून्यावर आला.

पुंजामामा थांबले. कंदिलाची वात त्यांनी उगाच वर केली.

"गाडी आता डॉक्टरांच्या अंगणात असते. परवा पहाटे मी मुद्दाम गेलो. टपापासून चाकापर्यंत दव होतं. बॉनेटवर एक पंजा तेवढा कोरडा... आणि करंगळीच्या जागी दव."