स्वच्छ बरणीतल्या पाणपिसवा

दसऱ्याची सुट्टी संपली त्या सकाळी खाजगी गुप्तहेर कमलिनीकडे खुनाची केस आली. मेलेल्या सगळ्या पाणपिसवा होत्या. तळ्यात राहणाऱ्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या.

"खून हा शब्द बरोबर आहे का, अक्का?" मदतनीस नीलने विचारलं. तो पुण्याहून आलेला. शब्दांबाबत काटेकोर, बाकी सावकाश.

"लग्नाआधीच्या चौकशा करून जीव विटलाय माझा. खून तर खून. चल."

जयलक्ष्मीपुरममध्ये येसाजीरावांची पाणी तपासायची प्रयोगशाळा होती. मालक धरून तिघांची कंपनी. सूक्ष्मदर्शकाच्या मानेत शेवंतीचा हार सुकत होता. कोपऱ्यात तांब्याचा कलश, तळाशी लिंबाची फोड.

"ह्या रक्षितनं वाटोळं केलं बघा," येसाजीराव म्हणाले. "सगळ्यांसमोर सांगितलंय, तू गुन्हेगार. संध्याकाळी ह्याला काढणार. तुम्ही सुम्ने, नुसता पुरावा द्या."

प्रयोगशाळेतला नोकर रक्षित दाराशी पिशवी धरून उभा होता. "सुट्टीत चावी माझ्याकडे होती, मॅडम. पण मी हुणसूरला, घरी होतो. साक्षीदार आई. ती माझ्या बाजूने कधीच बोलत नाही."

संशोधक अदितीने दोन बरण्या पुढे सरकवल्या. "ही बोअरवेलची, स्वच्छ. ही तळ्याची, सांडपाणी मिसळलेली. दोन्हींतल्या पिसवांची तुलना करायची होती. स्वच्छ बरणीतल्या सगळ्या गेल्या."

"आणि घाणेरड्या?"

"आहेत. सुस्त, पिल्लं कमी. दमलेल्या."

"ओळखीच्या वाटतात," कमलिनी म्हणाली.

"तुलना गेली की तळं छान ठरतं!" येसाजीराव उसळले. "तळ्याकाठी लेआउट पडतोय, प्लॉट विकायचेत. तिथला सुपरवायझर ह्याचा भावजी!"

"मी त्याच्याशी बोलतसुद्धा नाही," रक्षित म्हणाला. "लग्नात त्यानं मला शेवटच्या पंगतीला बसवलं."

"दसऱ्याची आयुधपूजा कुणी केली?" कमलिनीने विचारलं.

"मीच. यंत्र असो, बरणी असो, सगळ्यांना पळीभर तीर्थ. भेदभाव नाही आपल्याकडे."

कमलिनीने डोळे चोळले. "अदिती, पाण्यात तांबं आहे का बघ."

"स्वच्छ बरणीत?"

"दोन्हींत."

नील कानाशी कुजबुजला, "अक्का, नेमकी स्वच्छ बरणी निवडली. म्हणजे माहीतगार माणूस."

तपासणी होईपर्यंत कमलिनीने खुर्चीतच डुलकी काढली. अदितीने हलवल्यावर ती बोलू लागली.

"दोन्हींत तांबं सापडलं ना? सारखंच?"

"सारखंच."

"मग कुणी काही निवडलं नाही, नील. विष दोघींना मिळालं. लिंबाच्या आंबटपणानं कलशातलं तांबं पाण्यात उतरलं, आणि पळीपळीनं बरण्यांत गेलं. माणसाला त्यानं काही होत नाही. पिसवांना पुरतं."

"पण घाणीतल्या जगल्या!"

"घाणीमुळेच. कुजलेला गाळ तांबं धरून ठेवतो, पिसवांपर्यंत पोचू देत नाही. स्वच्छ पाण्यात धरायला काहीच नव्हतं. तळं छान आहे असा ह्याचा अर्थ नाही. तिथल्या दुसऱ्या कशानं तरी हळूहळू मरतायत, एवढंच."

"अय्यो," येसाजीराव खाली बसले. "म्हणजे... तीर्थानं?"

"भेदभाव न करता."

मग येसाजीराव म्हणाले, "रक्षित, पिशवी ठेव. कामाला लाग."

रक्षितने पिशवी ठेवली नाही. "गुन्हेगार सगळ्यांसमोर म्हणालात, सर. परत घ्यायचं तेही सगळ्यांसमोर."

सगळे म्हणजे अदिती. ती खुर्ची ओढून समोर बसली.

येसाजीरावांनी घसा खाकरला. "चूक माझी झाली," ते अदितीला म्हणाले.

"त्याच्याकडे बघून, सर," अदिती म्हणाली.