सोळाशे दहा पौंड

“गाडी आधी रिकामी तोल, ऑर्फा. आणि माणूस खाली उतरल्याशिवाय काटा वाचू नकोस.”

वडिलांनी हे सांगितलं तेव्हा ऑर्फा सतरा वर्षांची होती, आणि दोघं गावच्या धान्यकोठाराच्या तोलघरात उभी होती. त्यानंतर सत्तेचाळीस वर्षं ती त्याच खिडकीशी बसली. माल न्यायला आलेली गाडी आधी रिकामी तोलायची, मग भरलेली; मक्याचा ट्रक आला की उलट, आधी भरलेला, माल ओतला की रिकामा; आणि मधला फरक तिकिटावर उमटवायचा. ड्रायव्हर आतच बसून राहिला तर काचेवर दोनदा टकटक करायची. कधी चुकून एखाद्याचं वजन तिकिटावर गेलंच, तर कोठारातली माणसं दिवसभर त्याची टर उडवत. तू मालात गेलास, आता आज ना उद्या डुकरांच्या पुढ्यात पडशील.

वडील मात्र या थट्टेत कधी हसले नाहीत. ते तिकीट फाडत, माणसाला खाली उतरवत, पुन्हा तोलत. एकदा तिनं कारण विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “उमटलेलं खरं धरतात.” कोण धरतं, हे विचारायचं तेव्हा तिला सुचलं नाही.

चौसष्टाव्या वर्षी ती निवृत्त झाली. तिचा नवरा मर्ल शाळेची बस चालवायचा, तो त्याआधीच मोकळा झाला होता. उभ्या संसारात दोघांना सप्टेंबर महिना कधी मिळाला नव्हता, कारण तो कापणीचा. आणि मर्लला जायचं होतं ते सप्टेंबरमध्येच. तरुणपणी, त्यांच्या चर्चच्या मंडळीतल्या बाकीच्या मुलांप्रमाणे, लष्कराऐवजी सेवा म्हणून त्यानं दोन वर्षं उत्तरेच्या जंगलात झाडं लावली होती. तिथलं ते मोठं तळं, पलीकडचा काठ न दिसणारं, त्यानं ऑर्फाला लग्नाआधी दाखवायचं कबूल केलं होतं. त्या गोष्टीला त्रेचाळीस वर्षं झाली होती.

“हॉटेलातून बघितलेलं तळं मला चालणार नाही,” तो म्हणायचा. “डोळा उघडला की समोर पाणी पाहिजे. बिछान्यातून.”

म्हणून मोटारीमागे जोडायचा लहानसा ट्रेलर घ्यायचा ठरलं. त्यांची मोटार जुनी, दोन हजार पौंडांच्या वर ओढायची नाही. त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला दर शनिवारी ती दोघं वर्तमानपत्रातली कात्रणं घेऊन निघत. त्याला आत संडास हवा होता. तिला उशाशी खिडकी हवी होती. दोन्ही असलेला ट्रेलर मोटारीला झेपत नव्हता. “म्हणजे तुझी खिडकी नाहीतर माझी अब्रू,” मर्ल म्हणाला, आणि आठवडाभर ज्याला त्याला तेच सांगत सुटला.

पहिला ट्रेलर दिसायला देखणा होता. ऑर्फानं आत जाऊन कोपऱ्यातली भिंत अंगठ्यानं दाबली, तर अंगठा ओल्या पावात रुतावा तसा आत गेला. पाणी मुरलेलं. ती बाहेर आली आणि त्या कात्रणावर फुली मारली. दुसरा कोरडा होता, पण त्याचा बिछाना आडवा. भिंतीकडच्याला उठायचं तर दुसऱ्याच्या अंगावरून जावं लागणार. मर्ल दोनदा जाऊन आला आणि तिसऱ्यांदा तिच्या पोटावर गुडघा टेकला, तेव्हा तोही बाद झाला.

तिसरा अल्मेडा रूश नावाच्या विधवा बाईकडे होता, दलदलीच्या रस्त्याला शेवटच्या घरी. पांढरा, अंड्यासारखा गोल, आत जेमतेम दोन माणसं वावरतील एवढा. संडास नव्हता. उशाशी खिडकी होती. कोपरे दगडासारखे घट्ट. कपाटांतून वाळलेल्या पुदिन्याचा वास येत होता. मर्लनं बूट काढले, भिंतीकडच्या बाजूला आडवा झाला आणि डोळे मिटून म्हणाला, “अब्रू राहू दे.”

विधवेनं किंमत फार सांगितली नाही आणि घासाघीसही केली नाही. कागदांवर सही करून झाल्यावर ती ऑर्फाला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, “यात माणूस विसावतो. पण त्यांना फार विसावू देऊ नका.” ऑर्फाला वाटलं, बाईला आपला नवरा आठवला असेल. तिनं तिचा हात हातात घेतला. तो हात अगदी हलका होता.

ट्रेलरच्या दारावरच्या पट्टीवर रिकामं वजन चौदाशे तीस पौंड कोरलं होतं. पण आयुष्य काट्यावर काढलेली बाई पट्टीवर विश्वास ठेवत नाही. ती सरळ कोठारावर गेली. ट्रकचा मोठा काटा वीस पौंडांखालचं बोलत नाही, म्हणून बियाण्याच्या शेडमधला जुना दांडीचा काटा तिनं मागून घेतला. तिच्या जागी आता डुएन होता. तिनंच त्याला कामाला लावलं होतं. दोघांनी ट्रेलर मोटारीपासून सोडवून काट्याच्या फळीवर ढकलला. मागे बियाण्याच्या दोन गाड्या ताटकळत उभ्या होत्या. ऑर्फानं दांडीवरचं वजन सरकवलं. टोक ठरेना. किंचित वर, किंचित खाली. डुकरांची गाडी तोलताना असं होतं, जिवंत माल काट्याला स्वस्थ बसू देत नाही. वारा असेल, असं म्हणून तिनं काट्याची छापायची मूठ दाबली आणि तिकिटावर आकडा उमटवला.

सोळाशे दहा.

ती पट्टीकडे बघतच होती, तेवढ्यात ट्रेलरचं दार उघडलं आणि पायमोज्यांवर मर्ल बाहेर आला. “पाठ काय सरळ होते गं यात!” ती काटा मागायला गेली होती, तेवढ्यात तो आत बिछान्यावर जाऊन पडला होता.

“गेलास, म्हाताऱ्या,” डुएन म्हणाला. “मालात गेलास. ऑर्फा, बायकोनं नवरा विकल्याचं हे आपल्याकडचं पहिलंच तिकीट.”

मागच्या गाडीनं भोंगा दिला. ऑर्फानं मनातल्या मनात मर्लचे एकशे ऐंशी वजा केले. उरले बरोबर चौदाशे तीस. पट्टीशी जुळलं. पुन्हा तोलायची गरज उरली नाही. तिनं तिकीट घडी करून ट्रेलरच्या खणात ठेवलं. माणसाचं वजन उमटलेलं आणि तरी तिनं न फाडलेलं, असं इतक्या वर्षांत ते एकच.

जूनमध्ये ट्रेलर अंगणात मेपलखाली उभा होता. ऑर्फानं पडदे शिवले. मर्ल जेवण झालं की आत जाऊन पडे, पंधरा मिनिटं, मग अर्धा तास, मग चहाची वेळ होईपर्यंत. बाहेर येई तो ताजातवाना. “माझं सगळं ओझं उतरतं तिथं,” तो म्हणायचा. जुलैत त्याच्या पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. ऑर्फानं रश्शातल्या शेवया वाढवल्या, पावावर लोण्याचा थर जाड केला. त्याची भूक चांगली होती. तो सगळं खात होता.

पडदे, गाद्या, भांडी धरून वजन किती वाढतं ते बघायला ती पुन्हा काट्यावर गेली. सामान लावण्याआधी, शिस्तीप्रमाणे, आधी रिकामा तोलला. मर्ल शेडच्या दारात उभा होता.

चौदाशे बेचाळीस.

तिनं टाकी तपासली, कोरडी होती. गादी उचलून बघितली, चाकांवरचा चिखल खरवडला, चारही कोपरे दाबले. मुरलेलं पाणी लाकडाला जड करतं, हे तिला ठाऊक होतं. लाकूड खडखडीत वाळलेलं होतं. घरी आल्यावर तिनं मर्लला न्हाणीघरातल्या काट्यावर उभं केलं.

एकशे अडुसष्ट.

बेरीज तिनं केली नाही. ती आपोआप झाली.

ऑगस्टमध्ये शहरातल्या डॉक्टरांनी त्याला आतून-बाहेरून तपासलं. रक्त चांगलं होतं, फुप्फुसं चांगली होती. एका तरुण डॉक्टरनं त्याला तीनदा वजनाच्या काट्यावर चढवलं आणि काटाच बदलून आणला. ऑर्फा दर सोमवारी न चुकता ट्रेलर तोलत होती. चौदाशे एकोणसाठ. चौदाशे ब्याऐंशी. दर वेळी घरी येऊन मर्लचं वजन, दर वेळी तीच बेरीज. तिनं खणातलं तिकीट काढून फाडलं, तुकडे चुलीत घातले. पुढच्या सोमवारी बेरीज सोळाशे दहाच आली.

ती रोज पहाटे जशी प्रार्थनेला बसे, तशीच बसत राहिली. फक्त आता मागायचं काय, ते तिला सुचत नव्हतं. चूक तिची होती, आणि ती देवापुढे मांडायला शब्द नव्हते. काटा वाचायच्या आधी मी माणसाला उतरवलं नाही, एवढंच.

तिनं ट्रेलरला कुलूप लावलं आणि किल्ली पिठाच्या डब्यात टाकली. दलदलीच्या रस्त्यावरही जाऊन आली. तिथं दार बंद होतं, अंगणात गवत वाढलं होतं. शेजारी म्हणाले, बाई गेल्या महिन्यातच वारल्या, शेवटी अगदी पाखराएवढ्या झाल्या होत्या. त्या दिवशी ऑर्फा परत आली तेव्हा मर्ल ट्रेलरच्या पायरीवर बसून होता. ती लोखंडी पायरी कुणीही टेकलं की करकरायची. मर्ल उठला, पुन्हा बसला. पायरी गप्प होती.

“किल्ली दे, ऑर्फा,” तो म्हणाला. रागावला नव्हता. “बाहेर मला धरून राहावं लागतं. आत बरं वाटतं.”

तिनं त्याला सगळं सांगितलं. तिकीट, बेरीज, सोमवार. तो शांतपणे ऐकत होता, बसमधल्या मुलांची भांडणं ऐकायचा तसा.

“म्हणजे मी कुठं गेलेलो नाहीये,” तो शेवटी म्हणाला. “इथून तिथं गेलोय एवढंच. मग एक कर. मी चालता असलो-नसलो तरी मला तळ्यावर ने. भिंतीकडची बाजू माझी. खिडकीचा पडदा उघडा ठेव.”

“नेईन.”

“कबूल?”

“कबूल केलं, मर्ल.”

सप्टेंबरमध्ये निघायचं ठरलेलं होतं. सप्टेंबरमध्ये मर्लला उशीवरून मान उचलवेना. ऑर्फाला मात्र त्याला एका हातानं उचलता येई. चादर बदलताना ती त्याला लहान मुलासारखं खांद्यावर घेई आणि दुसऱ्या हातानं चादरीच्या सुरकुत्या काढी. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, मंडळीतली माणसं ओसरीवर येऊन गात असताना, त्याचा श्वास थांबला. गाणं मध्येच कुणी थांबवलं नाही. शेवटचं कडवं झालं.

शवपेटी उचलायला सहा जण होते. पहिल्याच झटक्यात ती खांद्याच्या वर गेली, आणि सहाही जण एकमेकांकडे न बघता पाय ओढत, जड असल्यासारखे चालले. डुएन त्यांच्यात होता. नंतर तो बराच वेळ आपल्या तळहाताकडे बघत उभा राहिला.

नंतरचे आठ दिवस ऑर्फा दुपारची ट्रेलरमध्ये जाऊन पडत होती. आपल्या बाजूला. भिंतीकडची बाजू मोकळी ठेवून. तिथली गादी दबलेली होती आणि हाताला कोमट लागायची. ऊन खिडकीतून तिथंच पडत असेल, असं ती स्वतःला सांगे. ढगाळ दिवशीही. तिथं झोप छान लागायची. उठल्यावर हातपाय हलके वाटायचे.

नवव्या दिवशी सकाळी तिनं मंडळीतल्या बायका घालतात ती पांढरी टोपी डोक्यावर नीट बांधली. स्कर्ट कमरेत सैल झाला होता, त्याला सेफ्टी पिन लावली. बिटाची एक बरणी आणि पाव मोटारीत घेतला, ट्रेलरमध्ये काहीही ठेवलं नाही. मक्याचे ट्रक यायच्या आत ती कोठारावर पोचली.

डुएननं न विचारता शेड उघडली. दोघांनी ट्रेलर फळीवर ढकलला. ढकलायला दोघांचा जोर लागला.

“मी खाली आहे,” ऑर्फा म्हणाली. “वाच.”

डुएननं वजन सरकवलं. सोळाशेवर नेलं, दहावर नेलं, थांबला, आणखी थोडं पुढं नेलं.

“सोळाशे चौदा.” त्यानं तिच्याकडे पाहिलं. “आत काही ठेवलंयस?”

“काही नाही.”

“मग चार पौंड कसले?”

ऑर्फाचा हात कमरेच्या पिनेवर गेला आणि तिथंच राहिला.

“असू दे,” ती म्हणाली.

“रिकामा लिहू ना?”

“नको. उमटवूही नकोस काही.”

दांडीचं टोक ठरत नव्हतं. शेडमध्ये वारा नव्हता. टोक सावकाश वर जात होतं, सावकाश खाली येत होतं. वर, खाली. ऑर्फानं त्रेचाळीस वर्षं रोज शेजारून ऐकलेली ती लय होती, गाढ झोपेतली. डुएननं टोपी काढली आणि दोन्ही हातांनी छातीशी धरली.

ट्रेलर मोटारीला जोडून झाल्यावर तिनं साखळ्या एकमेकींवरून फुलीसारख्या अडकवल्या, मागचे दिवे तपासले, लोखंडी पायरी आत दुमडली. मग उशाशी जाऊन बाहेरूनच बघितलं. पडदा तिनं घरून निघतानाच उघडून ठेवला होता. तो उघडाच होता.

तळ्यापर्यंत दोन दिवसांचा रस्ता. ती उत्तरेकडे वळली. कोठारासमोरचा रेल्वेचा रूळ तिनं अगदी हळू ओलांडला, आतल्याची झोप मोडू नये एवढा हळू.